शेड ए-थ्री

गंजगोलाईच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत
दिवसा मी कवळ्या करतो.
दवाखान्यांतून ठसे येतात, ओले, गुलाबी,
सोबत चिठ्ठी: नाव, वय, गाव, शेड.
लातुरात बहुतेक तोंडं ए-थ्री.

रात्री नऊनंतर त्याच टेबलावर राक्षस.

सिद्धेश्वराच्या यात्रेतला वीस रुपयांचा डायनासोर
पोटातून पोकळ, पाठीवर शिवण,
चेहरा असा की कुणी रागवलं तर रडेल.
त्याची मान गरम पात्यानं उतरवायची,
चावीवर चालणाऱ्या खेकड्याचे पाय खाली डकवायचे,
सांध्यांत एम-सील,
वरून दातांचं मेण, आणि मेणावर एकेक खवला.
मोठ्या माणसाला हे सांगता येत नाही.
बायकोला सांगितलंय, अर्जंट केस आहे.

हा राक्षस तन्वीरचा.
मुखेडहून आलाय डॉक्टर व्हायला,
मोबाइल हॉस्टेलच्या कपाटात कुलपात.
फिजिक्सच्या पेपरामागं त्यानं आठवून काढून दिला:
सातव्या लेव्हलचा बॉस, कोरड्या विहिरीत राहतो,
डोळे सहा, डावं शिंग मोडलेलं.
"ते मीच मोडलं," म्हणाला,
"एकशे बारा वेळा मेलो त्याच्यापुढं.
आता हातात धरून बघायचाय."

इलियासच्या नंबरप्लेटच्या दुकानात
कॉम्प्रेसरवर काळा हात मारून आणला.
काळ्यावर जांभळा, जांभळ्यावर राखाडी.
ब्रश रंगात बुडवायचा, मग फडक्याला पुसत राहायचा,
पुसत राहायचा, संपला असं वाटेपर्यंत;
त्या संपलेल्या रंगानं खवल्यांवरून नुसतं जायचं.
उंचवटे जागे होतात. खाचा झोपलेल्याच.
डोळे मात्र श्वास धरून.
सहावा भरला तेव्हा पहाटेचं पाणी आलं नळाला,
मोटारीच्या आवाजानं हात हलला,
म्हणून तो एक जरा तिरळा आहे.

दात उरले.
खालच्या ड्रॉवरात न नेलेल्या कवळ्या असतात.
गिरी, भानुदास, ६८, औराद. वरची, पूर्ण.
दोन वर्षं कुणी आलं नव्हतं.
मी त्यातला समोरचा एक काढला,
बरनं कापून, घासून, टोकं काढून
एकाचे अकरा केले, भिंगाखाली, चिमट्यानं,
आणि विहिरीतल्याच्या जबड्यात ओळीनं बसवले.

सोमवारी एक बाई आली, हातात निळी पावती.
"बाबांचं काम राहिलं होतं तुमच्याकडं.
ते गेले त्याच आठवड्यात. पण काम तर झालंच असंल की."
चारशे बाकी. तिनं नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या.

ड्रॉवर उघडला. खिंडार तिलाही दिसलं.
मी सांगून टाकलं.
सांगताना माझ्याच कानांना ते कसं लागलं,
ते इथं लिहीत नाही.

"कुठंय?"
फळीवर होता. तन्वीर परीक्षा झाल्यावर नेणार आहे.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला, वाकली,
नाक पार शिंगाला लागेल इतकी वाकली.
बाहेर टमटमवाला औशाची शीटं ओरडत होता.
नोटा परत द्याव्यात म्हणून मी हात पुढं केला.

"लई पांढरे केलाव."

"ए-थ्री आहे. चिठ्ठीवर तेच—"

"चिठ्ठी राहू द्या. तंबाकू खायचे ते.
डाव्या गालात धरायचे."

स्टूल ओढून ती बसली.
मी तपकिरी रंगाचा एक थेंब घेतला, पाण्याचे नऊ.
सर्वांत बारीक ब्रश, टोक जिभेवर ओलं करून.
डावीकडून पहिला दात. दुसरा.
रंग आपोआप फटींत उतरत गेला,
हिरडीशी जाऊन थांबला.

"अजून," ती म्हणाली.