ओतलं किती, आलं किती

रविवारी सकाळी सात वाजता
हात आपोआप खुंटीवरच्या डब्याकडे जातो.
स्टीलचा, कडीचा,
बुडाला चाळीस वर्षांचा रस्सा मुरलाय त्याच्या.

टिळकवाडीत डॉक्टर हिरेमठांनी अंगठा दाबला
तेव्हा मी ओरडलो,
कानडीत की मराठीत, आठवत नाही.
"युरिक अ‍ॅसिड," ते म्हणाले. "मटण बंद करून सोडा."

करून सोडा.
आमच्या बेळगावात सगळं असंच,
जेवून सोडतात, येऊन सोडतात, मरूनसुद्धा सोडतात.
मी मात्र डबा घेऊन गेलोच
इमामसाबच्या दुकानापर्यंत.
तो सुरी पुसत होता.
"मामा, मीबी घरात मुगाचंच खातोय आता,
छातीत दोन स्टेंट हैत," म्हणाला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करायला लागला.

कोपऱ्यावर निंगव्वा, कडोलीहून पहाटेच्या टेम्पोनं आलेली.
"पुंडी पल्ले," ती म्हणाली.
"अंबाडी," मी म्हणालो.
"पुंडी."
"अंबाडी."
तांबड्या देठांची ओली जुडी दोघांच्या मधे,
कुणाच्याच बाजूनं बोलेना.
दहा रुपये दिले. डब्यात कोंबली.
झाकण बसेना.

एकतीस वर्षं मी उद्यमबागेत साचे केले.
फौंड्रीत हिशेब एकच:
ओतलं किती, आलं किती.
शंभरातलं सत्तर हाती लागलं नाही
तर मालक मेस्त्रीला उन्हात उभं करायचा.
आणि उरलेलं तीस पुन्हा भट्टीत जायचं.
वाया काही नाही.

मेहुण्याची येळ्ळूरला ब्रॉयलरची शेड.
परवा त्याची वही चाळत बसलो:
दाण्याची पोती, बोअर किती तास चालली,
बेचाळीस दिवसांनी पिंजऱ्यात भरून गेलं किती.
पावणेदोन किलो दाण्याला एक किलो कोंबडी,
तीही पिसं-आतडी धरून.
बकऱ्याचं तर विचारूच नका.
"मग राहिलेलं?"
"राहिलेलं म्हणजे?"
"पुन्हा भट्टीत जात नाही काय?"
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
तिथंच बांधाला पूर्वी
बासमती पोटरीला आली की वाटसरू थांबायचे.
आता नाकाला रुमाल लावून सुटतात.

यल्लूबाईनं अंबाडीत तूरडाळ घातली, ज्वारीच्या कण्या,
लसूण ठेचून, वरून शेंगतेल.
पहिल्या घासाला मी तोंड वाकडं केलं.
दुसऱ्याला गप्प.
मग तिनं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं,
"मला ठेवा की जरा."

बुधवारी शेजारच्या चौगुल्यांकडे
कांदा-खोबरं भाजल्याचा वास भिंतीवरून आला.
मी खिडकी लावली नाही.
वास घ्यायला डॉक्टरांनी मना केलेलं नाही.
डोळे मिटून दहा मिनिटं बसलो,
खोटं कशाला बोलू.

मग चपलेत पाय घातला. अंगठा काही बोलला नाही.
कोपऱ्यावर जाऊन, जरा घसा साफ करून, म्हणालो,
"पुंडी."
निंगव्वानं मान वर केली नाही.
"पंधरा," म्हणाली.