सुफेन पाणी

आत्याच्या गावी तुरीची डाळ शिजत नाही.
कोरपन्याकडे विहीर खणा नाहीतर खाण,
पांढरंच निघतं.
पातेल्याच्या बुडाला खपली धरते,
साबण अंगावर गोट्यासारखा नुसता फिरतो,
आतोबांचा मुतखडा दोनदा काढून झाला.
आई म्हणायची, त्या पान्यात मासोळी तरी कशी जगते बाप्पा!
आमच्या तळ्याचा तिला गर्व.
झुडपी जंगलातून उतरलेलं पावसाचं पाणी,
एका उकळीत डाळ.

आतोबांच्या पडीक खाणीत मासोळी जगत होती.
उन्हाळ्यात पाणी हिरवं घट्ट झालं
तेव्हा त्यांनी पोतडीत मोरचूद बांधलं
आणि डोंग्यामागे ओढत दोन फेऱ्या मारल्या.
शेवाळ बसलं, कतले उड्या मारत राहिले.
फोनवर त्यांनी बाबांना मात्रा सांगितली.
बाबांनी खर्ऱ्याच्या पन्नीत ठेवलेल्या चिठ्ठीवर
ती लिहून घेतली.
आकडा बरोबर लिहिला होता.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाने
रोहू, बोटऱ्या, पोटं वर.
मरळ तेवढी तोंड काढून हवा पीत होती.
संस्थेची अकरा घरं पाळीवर उभी.
कोणीतरी म्हणालं, पतिराम मांढरे.
लिलावात हरला होता ना तो.
मग सगळेच म्हणाले.
बाबा काही म्हणाले नाहीत.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा पुसते, बाटल्या धुते,
सर नसले की एखादा प्रयोग करूनही बघते.
आत्याकडून पाण्याची बाटली मागवली, एक तळ्यातून भरली.
वरून थेंब सोडायचे, खाली रंग बघायचा:
दारूसारखा लाल, तो निळा होईस्तोवर.
आत्याच्या पाण्याने सतरा मिली घेतले.
आमच्या पाण्याने एक.
मी पुन्हा केलं. एक.

सरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत असं ठेवलंय:
कल्ला म्हणजे नागभीडची लाल गाडी.
जड पाण्यात चुना आधीच येऊन
खिडकीतून रुमाल टाकून बसलेला असतो,
तांब्याला जागा मिळत नाही,
ते दारात लोंबकळतं आणि वाहून जातं.
आमची गाडी रिकामी होती.
तांबं आलं, ऐसपैस बसलं,
आणि अंगातलं मीठ
एकेक करून उतरत गेलं.
पाण्यातल्या जिवाचं मीठ पाण्यात जातं,
तर कोणाला दिसणार?

पोलीस पाटलाने पतिरामला बोलावणं धाडलं त्या संध्याकाळी
मी घरी बाबांना आकडे सांगितले.
सतरा आणि एक.
ते बाजेवर बसले होते,
डाव्या तळहातावर तंबाखू, अंगठ्याच्या नखावर चुना.
चुन्याकडे बघत राहिले.
"म्हंजे ह्यो असता तं वाचली असती?"
मी म्हटलं, बऱ्याच वाचल्या असत्या.
त्यांनी तंबाखू न मळताच झटकून दिली.

पतिरामच्या घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही.
ते एकटेच गेले, उशिरा आले,
चपला हातात होत्या.
अकरा घरांचं बोटुकलीचं कर्ज आता आमच्या नावावर आहे,
आणि पतिरामची बायको आईशी अजून बोलत नाही.

आता बाबांची स्वतःची परीक्षा आहे.
कोणाच्याही बोडीवर गेले की आधी विचारतात,
डाळ किती वेळात शिजते?
लोक हसतात.
मग काठावर उकिडवे बसतात,
खिशातून पिवळ्या साबणाचा तुकडा काढतात
आणि हात धुतात.

परवा आमच्याच तळ्यावर धूत होते.
फेस आला, भरपूर आला, कोपरापर्यंत आला.
तीन ओंजळी पाणी घेतलं, चौथी घेतली,
बुळबुळीत तो हातावरून जाईचना.
मी वरून हाक मारली, जेवायला चला.
ते म्हणाले, थांब,
निघू दे.