गुरुवारची भूक

त्या जूनमध्ये आईच्या खुब्याचं हाड मोडलं.
इन्व्हरकार्गिलचा पाऊस वरून पडत नाही,
समुद्राकडून आडवा येतो आणि दार वाजवतो.
मी डनीडनहून आले तेव्हा फ्रीजरमध्ये
सहा चॉप्स होते, वर तिच्या अक्षरात: गुरुवार.

आमच्या घरी गुरुवार म्हणजे कोकराचे चॉप्स,
आणि कुठलाच गुरुवार मागल्यासारखा नाही.
एका हिवाळ्यात अंडं आणि पावाचा चुरा,
चुऱ्यात नळाखालचा पुदिना.
मग जर्दाळूचा मुरंबा, मोहरी,
कडा काळ्या होईस्तोवर.
मग तळाशी दुधातले कांदे, वर चॉप्स,
ओव्हन इतका मंद की खिडक्यांना घाम यायचा.
मिसेस व्लाहोसनी मासळीच्या दुकानात सांगितलं
म्हणून लिंबू, लसूण, आणि बरगडीचं हाड
खरवडून असं स्वच्छ, की दांडाच धरायला.
एकदा चहापत्तीच्या धुरात.
तेव्हा बंबवाले आले होते.

बाबा दर वेळी म्हणायचे, छान झालंय, एल्स्पेथ.
आणि अर्धं ताटात.

आई उरलेलं कुत्र्याला घालायची
आणि वाण्याकडे उभी राहून
दुसऱ्या बायकांच्या पिशव्यांत डोकावायची.

आता बाबा म्हणाले, मी करतो.
बाबांना, ज्यांना अंडं उकडायचं तर
घड्याळ आणि आई दोन्ही लागायचं.
शेडमध्ये गेले. फावडं घेऊन आले,
आखूड दांड्याचं, पातं झिजून चंदेरी.
रेल्वेनं वाफेची इंजिनं मोडीत काढली
त्या दिवशी कोटाखाली लपवून आणलेलं,
निदान ते तसं सांगतात. कोट तेवढा मोठा नव्हता.

उकळतं पाणी ओतलं त्यावर, दोनदा.
शेगडीचं दार उघडलं. थांब, म्हणाले, ज्वाळा बसू दे.
चॉप्स उभे केले चरबीच्या कडेवर,
एकमेकांना टेकून, रांगेत थंडीत उभ्या माणसांसारखे.
कड तडतडली, मग एक कूस, मग दुसरी.
मीठ शेवटी, तेही उंचावरून.
मनगटाला काही आठवत होतं,
सत्तरीतला माणूस हलत नव्हता त्या घरात,
पंचविशीतला फायरमन हलत होता.

ब्लफची मालगाडी, म्हणाले.
मागे डब्यांत गोठलेली कोकरं, लंडनला निघालेली.
कारखान्यातली पोरं यार्डातच
वर्तमानपत्रात गुंडाळून चार द्यायची.
मी आणि हेनारे. ड्रायव्हर तो, म्हणून त्याला मोठे.
भट्टीचं दार, फावडं, तीन मिनिटं.
हात भाजायचे. तसेच खायचो.

कधी? मी विचारलं.

त्यांनी फावडं अर्धा इंच मागे घेतलं.
गुरुवारी, म्हणाले. ती गाडी गुरुवारी असायची.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात,
पण वीस वर्षं?

टॉवेलात गुंडाळून आम्ही ते इस्पितळात नेले.
नर्सनं नाक वर केलं, मग खिडकी उघडली,
मग पडदा ओढून घेतला आमच्याभोवती.
आईनं पहिला घास चावला. पुष्कळ वेळ चावला.
बाबा टोपी हातात फिरवत उभे, साहेबापुढे उभे असल्यासारखे.
मग तिनं हाड चोखलं, अगदी टोकापर्यंत,
आणि त्यांच्याकडे बघितलं.

म्हणजे तू जेवून यायचास, मर्डो.

पाऊस काचेवर होता. कोणी काही बोललं नाही.
मग ती हसायला लागली, आणि खुबा दुखला,
आणि कळवळत शिव्या देत हसली,
आणि दुसरा चॉप मागितला.

आता ती घरी आहे, काठी टेकून खुर्चीत.
गुरुवारी शेगडीपाशी बाबा, तिच्या हुकमात:
पात्याला आधी रोझमेरी घास. नाही, उलट्या हातानं.
अरे, मुरंबा नको, जळेल. बरं, थोडा लाव.
फावडं स्वयंपाकघरात, झाडूशेजारी.
पुढच्या आठवड्यात तिला कांदे करायचेत त्याच्यावर.
कसे राहतील, मी विचारलं, ते घसरतील.

घसरू देत, ती म्हणाली. वीस वर्षांचं येणं आहे माझं.