कडी

ऐरोलीतल्या समाजमंदिराचा हॉल,
पांढऱ्या चादरीला चार चिमटे
आणि चादरीवर फ्रान्स.

काळापांढरा जुना सिनेमा, तीन गोष्टींचा,
कुणा कथाकाराच्या पुस्तकातून घेतलेल्या, असं अन्वय म्हणाला.
फिल्म क्लब त्याचा, डिस्कही त्याचीच,
फक्त खाली अक्षरं उमटत नव्हती.
म्हणून मला बोलावलं.

माझं फ्रेंच तुर्भ्याच्या कंपनीतलं.
शेत गेलं, त्याच्या बदल्यात नोकरी,
नोकरीत मशीनची जाडजूड पुस्तकं,
आणि पुस्तकं समजावणारा एक लालबुंद इंजिनिअर,
ज्याला आमच्या खाडीतल्या निवट्या फार आवडायच्या.
बत्तीस वर्षांत शिकलो :
झडप, गळती, दाब, वाफ,
ओल्या हातानं शिवू नये,
आधी बंद करा, मग उघडा.
प्रेमाचा शब्द त्या पुस्तकांत एकदाही आला नव्हता.

माईक हातात. पहिली गोष्ट.
एक न्हावी रोज होडीनं पलीकडे जातो
कैद्याची दाढी करायला.
वस्तरा गळ्याशी येतो. कैदी काहीतरी पुटपुटतो.
मला कळलं नाही. मी म्हणालो, "दाब वाढतोय."
हॉलमध्ये कुणी हललं नाही.

दुसरीत दोन बहिणी, एकच चांगला कोट.
थोरली लग्नात जेवून येते, कोट उतरवते,
मग धाकटी तोच घालून मिठाईपुरती पोचते.
खिशात थोरलीनं ठेवलेला साखरेचा खडा.
इथे मला एकही शब्द अडला नाही,
कारण बायका बोलतच नव्हत्या.
मागे कुणीतरी नाक ओढलं.

तिसरी. बर्फातून एक माणूस चालत येतो, वीस वर्षांनी.
दार. आत एक बाई. तिचा हात कडीवर

आणि डिस्क अडकली.

हात कडीवर. हात कडीवर.
अन्वय रिमोटची सगळी बटणं दाबतोय.
लोक माझ्याकडे बघतायत, चादरीकडे नाही,
जणू चित्र थांबलं तरी भाषा चालू राहणारच.

आणि ती राहिली.

हा माणूस, मी सांगू लागलो,
या घरी आधी एकदा आला होता.
आत भाऊ आजारी.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून दोघांचं बोलणं बंद.
पहिल्या रांगेतला एक जण हसला,
"फ्रान्समध्येपण सिडको?"
मी म्हणालो, असते सगळीकडे.

तो बाहेर उभा राहिला, चपला हातात घेऊन.
वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला,
पेज भरवत असावी ती.
तेवढं ऐकून तो फिरला,
नाक्यावर येऊन पान खाल्लं.
मग तेराव्यालाच गेला, पाहुण्यासारखा.

पण आज, मी म्हणालो, आज तो वाजवतो दार.

पुढे काय बोललो, आठवत नाही.
ट्यूबलाइट लागल्या, टाळ्या पडल्या.
अन्वयनं कानाशी येऊन विचारलं,
"काका, आधी पाहिलाय का हा?"

खुर्च्या एकात एक घालत होतो,
तिसऱ्या रांगेतून मथुरावहिनी उठली.
घणसोलीहून नातीबरोबर आलेली,
हिराजी गेल्यापासून माझ्याशी
सात वाक्यंही न बोललेली.
कोरडेच हात तिनं पदराला पुसले.
"ते दिशी," ती म्हणाली,
"कडी लावेल नव्हती रे."

याचं भाषांतर मला येत नाही.

अन्वयनं नंतर चांगली प्रत मिळवून फोनवर पाठवली.
त्यात शेवटची सहा मिनिटं शाबूत आहेत, म्हणे.
मी अजून उघडलेली नाही.
रविवारी घणसोलीला जाईन म्हणतो,
निवट्या ताज्या मिळाल्या तर.