गोनिओमीटर

धंतोलीतल्या डॉक्टरांनी विचारलं, अनुभव किती?
म्हटलं, सहा महिन्यांची इंटर्नशिप.
ते हसले. माणूस चांगला, माझ्यासाठी थंड पाणी मागवलं.
म्हणाले, आठ हजार.
सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ,
मधल्या वेळात घरी जाऊन आराम करत जा.

माझं घर तांडापेठेत.
मे महिन्यात दुपारी एकला गाडीच्या सीटवर
आधी ओला दुपट्टा टाकायचा, मग बसायचं.
पेट्रोलचा हिशोब त्यांच्यासमोरच केला, मनातल्या मनात,
आणि हो म्हटलं.

साडेचार वर्षं.
दोनशे सहा हाडं, त्यांचे खाचखळगे,
कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो.
मी कुठे जाऊन चिकटणार,
हे तोंडी परीक्षेत कोणी विचारलं नाही.

तनुजा लांजेवार जर्मन शिकते,
तिच्या स्टेटसवर रोज एक नवं क्रियापद.
निहाल मनीषनगरच्या जिममध्ये प्रोटीनचे डबे विकतो,
कोणाची मान आखडली तर तेवढ्यापुरता फिजिओ होतो.
शाहीनचे सासरे म्हणालेत, तळमजल्यावर क्लिनिक टाकून देऊ.
तिथे अजून टाइल्सच्या पेट्या आहेत.
एक सरकारी जाहिरात आली होती मध्ये,
कंत्राटी, अकरा महिने, पद एक.
आम्ही चाळीसजणांनी ती एकमेकांना पाठवली
आणि प्रत्येकानं खाली लिहिलं, तू भर ना.

बजाजनगरात निमजे काका, उजवी बाजू गेलेली.
एका भेटीचे तीनशे.
सूनबाई फोनवर म्हणतात, ठेवते गं, मालिशवाली आली.
मी काकांचं मनगट धरते, कोपर सरळ करते, काही बोलत नाही.
काकाच बोलतात. जीभ जड, शब्द मध्येच तुटतो,
डॉक्... टर.
त्या दिवशी चहा मिळाला. साखर फार होती.

गोळीबार चौकात एक गाळा बघून आले.
साडेसहा हजार भाडं, आगाऊ वेगळं.
गाळा घेतला नाही, पण पाटीवाल्याला भाव विचारला.
तो म्हणाला, नावाआधी डॉक्टर टाकायचं का?
म्हटलं, त्यावर भांडण सुरू आहे, जागा सोडून ठेवा.
कोऱ्या जागेचे पैसे लागत नाहीत, म्हणाला.

बाबा तीस वर्षं पॉवरलूमवर.
माग भंगारात गेला, खांदा तेवढा घरी राहिला.
दोन वर्षं डाव्या हातानं भांग पाडतात.
मी जवळ गेले की म्हणायचे,
राहू दे, पोरीनं बापाचं अंग दाबू नये.
दाबणं नव्हे हो ते, मी म्हणायचे.
मंग काय? एवढे पैसे भरले, अन् आठ हजार काऊन देऊन राह्यले तुले?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून खांदाही तसाच राहिला.

मग एका रात्री लाईट गेली, कूलर बंद.
सगळी गल्ली गच्चीवर.
बाबांनी अंधारात, दुसरीकडे बघत,
हात पुढे केला. पाहून घे, म्हणाले, जे पाहाचं ते.
पहिल्या वर्षी घेतलेला गोनिओमीटर आणला,
पट्टीवरचे आकडे घासून गेलेले,
मोबाईलच्या उजेडात वाचले. पंच्याऐंशी.
पुढे जाईना. त्यांनी दात आवळले, ओरडले नाहीत.

तीन आठवडे झाले. धंतोलीहून आल्यावर,
रात्री दहाला, जेवणाआधी.
काल विचारलं त्यांनी, किती झाले वं?
एकशे दहा.
अन् पाह्यजे किती?
एकशे ऐंशी.
बराच वेळ गप्प. खाली कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.
तुही फी काय म्हणतेस?
तीनशे, बाबा. एका वेळचे.
लिहून ठेवजो, म्हणाले, आणि हात पुन्हा पुढे केला.

लाईटबिलाच्या मागे लिहून ठेवलंय मी:
उजवा खांदा, ११०.