विषयाचा रकाना

पेन्झान्सच्या संग्रहालयात, तळघरात,
माझं काम सोपं आहे.
मापं घ्यायची, कागदाचे रोग लिहायचे:
बुरशीचे ठिपके, दुमडलेला कोपरा,
समासात कुणाच्या तरी अंगठ्याची शाई.

आज हेस्टर पेनालुना, एकोणीसशे अडुसष्ट.
जस्ताच्या पत्र्यावरून घेतलेला ठसा, पंचविसातला सातवा.
एक काळी रेघ उजवीकडून निघते,
चढते, रेंगाळते,
मग धाडकन खाली.
मांडी म्हणा, नाहीतर झेनॉरमागचा माळ.
वर एक गोल. सूर्य नाही,
डोकं असेलच असंही नाही.
डाव्या कडेला गेरूचा पट्टा,
राळेच्या कणांनी खरखरीत झालेला.

फॉर्मवर 'विषय' असा रकाना असतो.
त्यात दोनच घरं: मानवाकृती. निसर्गदृश्य.
पेन्सिल हातात घेऊन मी नुसती बसले.
आमच्यात डोंगराला माथा असतो, खांदा असतो,
सोंड, पायथा,
नदीला तर मुखसुद्धा,
आणि कुणाचं काही अडलं नाही.

गुरुवारी लव्हडे रोव आली,
चौऱ्याऐंशी वर्षांची, भाचीच्या गाडीतून.
"ती मी आहे म्हणतात. बघू तरी."
मी ठसा टेबलावर मांडला.
भाची म्हणाली, हा बघ तुझा खांदा.
"छे! असा खांदा असतो का कुणाचा?"
चला, निसर्गदृश्य, मी मनात म्हटलं.

मग तिचं बोट गेरूवर येऊन थांबलं,
कागदापासून वीतभर वर.
"हा रॉकेलचा हीटर.
फेब्रुवारी होता. हेस्टरकडे एकच हीटर,
बाकी सगळा पैसा जस्तात जायचा.
ही एवढी कूस गरम असायची माझी.
फक्त इकडची तिकडे झालीय."
ठशात तसंच होतं, मी म्हणाले.
"आणि हे काळं सगळं" —
हवेतच तिचा तळवा फिरला,
रेघ चढते तिथून थेट कड्यापर्यंत —
"ही दाराकडची बाजू.
फट होती दाराला."

भाची हसली.
मी त्या काळ्याकडे बघत राहिले.
जितकं काळं हवं, तितका वेळ
पत्रा आम्लात ठेवावा लागतो.
हेस्टर घड्याळ बघत उभी राहिली असेल,
इथे कोट घालून,
तिथे एक उघडी बाई कुडकुडत,
आणि तिने अजून थोडा, अजून थोडा वेळ दिला असेल
त्या बाजूला.

जाताना लव्हडेने विचारलं, पंचवीस काढले ना?
मला एकही दिला नाही तिने.
सॅंडविच मात्र द्यायची. अंड्याचं.

संध्याकाळी विषयाचा रकाना मी कोराच ठेवला.
'अवस्था' पुढे लिहिलं:
डावा समास किंचित तपकिरी.
बराच काळ उबेजवळ
असल्याची शक्यता.