आडवी डोलकाठी

साकोलीच्या पुढे रस्ता उकरलेला.
ट्रॉलीत होडी, होडीवर आडवी डोलकाठी,
ट्रॉलीच्या दीडपट. मागे लोंबणाऱ्या टोकाला
यादोरावच्या पोरीची लाल रिबीन.

तिला इकडे नाव नाही. आमचे डोंगे वल्ह्याचे,
वारा फक्त धान उफणायच्या कामाचा.
यादोराव दिघोरे तिला खांबच म्हणतो.

सकाळी दोन टोकांखाली दोन पोती दिली.
मी म्हटलं, झालं.
तो उकिडवा बसून, एक डोळा मिटून
बघत राहिला, घराचा वासा बघावा तसा.
"मधात पोट सोडते थो. टेका पायजे."

मग बाभळीचं बेचकं तासलं,
त्याच्या खाचेत सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली,
वरून काथ्या. पण आवळला नाही.
"हालू द्या थोडा. गच्च बांधला का मोडते."

नवेगावपर्यंत मी तिच्याजवळ बसून.
खड्डा आला की हात आपोआप खाली जायचा,
जसा आईच्या पाठीखाली गेला होता
भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत, जीपमध्ये.
तेव्हा मी गच्च धरलं होतं.

तलावाच्या पाळीवर सहा जणांनी ती उभी केली.
पोट्टे माना वर करून: एवढी उंच होती?
शीड एकदा फडफडलं, मग भरलं.

यादोराव तिकडे बघत नव्हता.
त्याने ट्यूब सोडून खिशात घातली,
रिकाम्या बेचक्याला जेवणाचा डबा अडकवला
आणि ट्रॅक्टर वळवला.